सुपरमार्केट की वेगवेगळी दुकानं? खाण्याच्या सामानाची खरेदी वाटून घेण्याची पद्धत

"सगळं एकाच छपराखाली घ्यावं की भाजी, मासे, धान्य, पाव वेगवेगळ्या दुकानांतून आणावं?" या प्रश्नाचं उत्तर शोधताना बहुतेक जण दोन बिलं शेजारी ठेवतात आणि ज्याचा आकडा लहान ते दुकान निवडतात. चूक इथूनच सुरू होते. बिलात फक्त विकत घेतलेलं दिसतं. त्यातलं पोटात किती गेलं आणि कचऱ्यात किती गेलं, ते दिसत नाही. शिवाय दुकान आधी ठरवून मग वस्तू घेतल्या की काही वस्तू हमखास चुकीच्या ठिकाणाहून येतात. आधी वस्तू पाहायची, तिचं दुकान नंतर ठरवायचं. खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा, कारण पुढच्या टप्प्याला मागच्याची नोंद लागते.

टप्पा १ : दोन आठवडे फक्त नोंद ठेवा

या काळात खरेदीची सवय अजिबात बदलू नका. स्वयंपाकघरात एक वही टांगा आणि तिच्यात चार रकाने आखा: वस्तू, किती घेतली, कुठून घेतली, किती फेकली. चौथा रकाना सर्वात महत्त्वाचा, आणि कंटाळा येतो तोही नेमका याचाच. "थोडी फेकली" असं लिहू नका. "अर्धी जुडी", "पाव पाकीट", "दोन नग" असं लिहा.

बिलं जपून ठेवा. छोट्या दुकानात बिल मिळालं नाही तर दुकानातून बाहेर पडताच रक्कम फोनमध्ये टिपा. घरी पोहोचेपर्यंत आकडा डोक्यात राहील हा भरवसा नको. जाण्यायेण्याचा वेळ आणि भाडंही टिपा, कारण चार दुकानं फिरण्याची किंमत तिथेच असते.

मी ही नोंद पहिल्यांदा केली तेव्हा फेकलेल्या वस्तूंत पालेभाजी पहिली निघाली. ती जवळजवळ सगळी "आलोच आहोत तर घेऊन टाकू" म्हणून वाणसामानाच्या फेरीत घेतलेली होती. अशी एखादी ओळ तुमच्या वहीतही सापडेल. ती सापडेपर्यंत पुढे जाऊ नका.

*तपासा:* दोन आठवड्यांनंतर सर्वात जास्त फेकल्या गेलेल्या तीन वस्तू आणि त्या कुठून आल्या, हे वही न उघडता सांगता आलं पाहिजे.

टप्पा २ : वस्तूंचे चार ढीग करा

आता वहीतली प्रत्येक वस्तू पुढच्या चारपैकी एका ढिगात टाका. या टप्प्याला घाई करू नका. बाकीची सगळी पद्धत यावर उभी आहे.

*पहिला ढीग: सगळीकडे सारख्याच असणाऱ्या बंद वस्तू.* मीठ, साखर, डबाबंद पदार्थ, कोरडे शेवयांसारखे प्रकार, बाटलीबंद तेल. कारखान्यातून निघालेलं तेच पाकीट कुठेही घेतलं तरी आतला माल बदलत नाही. इथे दुकानदाराच्या पारखीचा उपयोग नाही, म्हणून फक्त दर आणि तारीख बघायची. बहुतेक वेळा हा ढीग सुपरमार्केटच्या वाट्याला जातो.

*दुसरा ढीग: बघून, हाताळून, वास घेऊन घ्यायच्या वस्तू.* मासे, मांस, फळं, पालेभाज्या. या प्रत्येक नगागणिक वेगळ्या असतात. झाकलेल्या पाकिटात खालच्या थराला काय आहे ते कळत नाही आणि वास तर घेताच येत नाही. हा ढीग शक्यतो वेगळ्या दुकानाचा.

*तिसरा ढीग: नेमक्या मापात हव्या असणाऱ्या वस्तू.* एका पदार्थापुरता चमचाभर मसाला, दोघांपुरतं मांस, मूठभर सुकामेवा. ठरावीक पाकीट घेतलं की उरलेलं महिनोन् महिने पडून राहतं. दळलेल्या मसाल्याचा वास उडतो आणि सुक्यामेव्यातलं तेल खवट होतं. सुटं मिळेल तिथून घ्या. अख्ख्या धान्याच्या पिठाचंही तसंच आहे. कोंड्यासोबत अंकुरातलं तेल पिठात येतं, त्यामुळे ते पांढऱ्या पिठापेक्षा लवकर खवट होतं. मोठी गोणी स्वस्त पडली तरी ते बेताबेतानंच आणावं.

*चौथा ढीग: थंडाव्यावर जगणाऱ्या वस्तू.* दूध, दही, लोणी, गोठवलेले पदार्थ. यांची गुणवत्ता कारखान्याइतकीच दुकानाच्या शीतकपाटावर अवलंबून असते. दुकान मोठं की छोटं हे इथे गौण आहे. कपाट नीट चालतं का, एवढंच विचारायचं.

काही वस्तू दोन ढिगांत बसतील. मांस दुसऱ्यातही येतं आणि तिसऱ्यातही. दोन्ही ढीग एकाच दुकानाकडे बोट दाखवत असतील तर निर्णय सोपा. वेगवेगळीकडे दाखवत असतील तर त्या वस्तूची नासाडी वहीत किती आहे ते बघा आणि नासाडी कमी होईल ती बाजू घ्या.

*सावधान:* घरात कुणाला अन्नाची ॲलर्जी असेल तर ही विभागणी बदलते. सुट्या मालात एकच चमचा अनेक डब्यांत फिरतो, एकाच सुरीने सगळं कापलं जातं. शेंगदाणे, तीळ, दूध, अंडी, गहू, मासे यांपैकी कशाचाही त्रास असेल तर घटक छापलेलं बंद पाकीटच घ्या, मग ते महाग पडलं तरी चालेल. घटकांच्या यादीत वजनाने सर्वात जास्त असलेला घटक पहिला छापतात. पण ॲलर्जीसाठी शेवटच्या ओळीपर्यंत वाचणं भाग आहे.

टप्पा ३ : दुकानाचा खप पारखा

छोटं दुकान म्हणजे ताजं आणि मोठं दुकान म्हणजे शिळं, हा समज मनातून काढून टाका. माल ताजा राहतो तो खपामुळे. गर्दीच्या सुपरमार्केटमधला मासे विभाग रोज दोनदा रिकामा होत असेल, तर तो गिऱ्हाईक नसलेल्या मासळीच्या दुकानापेक्षा चांगला. आणि ओस पडलेल्या दुकानातल्या मसाल्याच्या बरण्या कितीही सुबक दिसल्या तरी उपयोग नाही.

खप ओळखायला तीन गोष्टी पुरतात. पाकिटांवरची धूळ बघा. फळीवरची पुढची आणि मागची पाकिटं काढून तारखा ताडून बघा. आणि सरळ विचारा, "माल कोणत्या दिवशी येतो?" दिवस ठामपणे सांगणारा दुकानदार लक्ष ठेवून असतो. "रोजच येतो" हे उत्तर सगळ्याच वस्तूंसाठी मिळालं तर थोडं सांभाळून.

मग वस्तूनुसार बघा.

माशाचे डोळे फुगीर आणि स्वच्छ हवेत, खोल गेलेले किंवा धुरकट नकोत. कल्ले लालसर हवेत, तपकिरी नकोत. बोटाने दाबल्यावर खळगा लगेच भरून आला पाहिजे. वास पाण्याचा यावा, उग्र नको. कापलेल्या तुकड्यांत यातल्या निम्म्या खुणा नाहीशा होतात, म्हणून मासा आधी अख्खा बघा आणि मग समोर कापून घ्या.

खिमा समोर करून घ्या. मांसाचे बारीक तुकडे झाले की जंतूंना वाढायला पृष्ठभाग कितीतरी वाढतो, त्यामुळे खिमा अख्ख्या तुकड्यापेक्षा लवकर बिघडतो. आधीच करून ठेवलेला खिमा कधीचा आहे हे नजरेला कळत नाही.

बटाट्यावर हिरवट छटा किंवा कोंब असतील तर घेऊ नका. हिरवा भाग उजेडात राहिल्याची खूण असते आणि त्यासोबत सोलानिन हे विषारी द्रव्य वाढलेलं असतं.

गोठवलेलं पाकीट हलवून बघा. मटार किंवा दाणे सुटे खळखळले पाहिजेत. एकच गोळा झाला असेल किंवा आत बर्फाचा जाड थर असेल, तर ते मध्येच वितळून पुन्हा गोठलेलं असण्याची शक्यता मोठी आहे. शीतकपाटात माल भरण्याची जी रेघ असते तिच्या वर रचलेली पाकिटंही घेऊ नका. तिथपर्यंत गार हवा पोहोचत नाही.

*तपासा:* प्रत्येक ढिगासाठी एक पक्कं आणि एक पर्यायी ठिकाण ठरलं पाहिजे. पर्याय नसेल तर दुकान बंद असलेल्या दिवशी सगळी पद्धत कोलमडते.

टप्पा ४ : भावाची तुलना खाल्लेल्या वजनावर करा

पाकिटावरची किंमत बघून तुलना करू नका, १०० ग्रॅमचा दर काढा. समजा मोठ्या पाकिटाची किंमत ९० आणि वजन ४५० ग्रॅम, लहानाची किंमत ७२ आणि वजन ३२० ग्रॅम. मोठ्याचा दर १०० ग्रॅमला २०, लहानाचा २२.५०. मोठं स्वस्त दिसतं. आता वही उघडा. मोठ्या पाकिटातला पाचवा हिस्सा दर वेळी फेकला जात असेल तर खाल्लं गेलं फक्त ३६० ग्रॅम आणि खरा दर झाला २५. लहान पाकीट पूर्ण संपत असेल तर स्वस्त तेच.

हा हिशेब प्रत्येक वस्तूला करायची गरज नाही. टप्पा १ मध्ये जास्त फेकल्या गेलेल्या वस्तूंना आणि खर्चाच्या पहिल्या दहा वस्तूंना केला तरी पुरे.

तीन ठिकाणी वजन फसवतं. डबाबंद पदार्थात पाणी किंवा पाक धरून एक वजन असतं आणि निथळून दुसरं. तुलना निथळलेल्या वजनाची करा. मासा अख्खा तोलला की साफ करून, हे आधी विचारा, कारण डोकं, आतडी, खवले गेल्यावर उरणारं वजन बरंच कमी असतं. आणि ओळखीच्या पाकिटाची किंमत तीच ठेवून आतलं वजन कमी केलेलं असू शकतं, म्हणून नेहमीच्या वस्तूचं वजनही अधूनमधून वाचा.

*सावधान:* "दोनावर एक मोफत" हे पहिल्या ढिगातल्या वस्तूंसाठी ठीक, तेही तारीख लांबची असेल तर. दुसऱ्या आणि चौथ्या ढिगात ही सवलत म्हणजे बहुधा नासाडीचं निमंत्रण. मोठी दुकानं काही वस्तू मुद्दाम अगदी कमी भावाने विकतात, म्हणजे गिऱ्हाईक आत येतं आणि बाकीचं पूर्ण भावाने घेतं. ती स्वस्त वस्तू जरूर घ्या, पण तेवढीच.

टप्पा ५ : याद्या दोन करा

एकच लांब यादी हे गोंधळाचं मूळ आहे. ती घेऊन सुपरमार्केटमध्ये गेलं की यादीतलं सगळं तिथेच घेतलं जातं, कारण समोर दिसतं.

पहिली यादी बंद वस्तूंची. ती पंधरा दिवसांची किंवा महिन्याची असू द्या. डबा पाव उरला की लगेच तिच्यात नाव टाका, रिकामा होण्याची वाट बघू नका.

दुसरी यादी ताज्या मालाची, तीन-चार दिवसांपुरती. हिच्यात पदार्थाचं नाव आणि माप लिहा, पण एका बाबतीत ती ढिली ठेवा. "पालेभाजी, दोन वेळची" असं लिहा, अमुकच भाजी असं नको. त्या दिवशी जी चांगली दिसेल ती घ्यायची मोकळीक हाच तर वेगळ्या दुकानात जाण्याचा फायदा. नावाला चिकटून राहिलात तर कोमेजलेली जुडीही उचलून आणाल.

यादी करण्याआधी फ्रिज आणि फळ्या उघडून बघा. आठवणीवर केलेल्या यादीत घरात असलेलीच वस्तू पुन्हा येते.

टप्पा ६ : फेरीचा क्रम

दोन्ही याद्या दोन वेगळ्या दिवशी करणं सर्वात चांगलं. बंद वस्तूंची फेरी कोणत्याही वेळी चालते. ताज्या मालाची फेरी माल येण्याच्या दिवशी, शक्यतो दुकान उघडल्यावर लगेच.

एकाच दिवशी करावं लागलं तर क्रम असा ठेवा:

१. बंद आणि कोरड्या वस्तू.
२. बटाटे, कांदे आणि टणक फळं. जड माल पिशवीच्या तळाशी जातो.
३. पालेभाज्या आणि मऊ फळं.
४. मांस आणि मासे, वेगळ्या पिशवीत.
५. दूध, दही आणि गोठवलेले पदार्थ. हे सर्वात शेवटी आणि तिथून थेट घरी.

सर्वात जास्त चुकतं ते इथे. सुपरमार्केटमध्ये शिरल्यावर दूध आणि गोठवलेली पाकिटं आधी ट्रॉलीत पडतात, मग तासभर फिरणं, मग रांग, मग भाजीच्या दुकानात गप्पा. नासणारे पदार्थ थंडाव्याबाहेर एकूण दोन तासांपेक्षा जास्त राहू नयेत, आणि बाहेर ३२ अंश सेल्सिअसपेक्षा जास्त तापमान असेल तर एकच तास. हा वेळ कपाटातून काढल्या क्षणापासून घरच्या फ्रिजपर्यंतचा आहे. अंतर जास्त असेल तर जाड अस्तराची गार पिशवी आणि बर्फाची पाकिटं सोबत न्या.

मांस-मासे दुकान शेवटी येईल असा रस्ता नसेल तर उलट फिरा, पण गार वस्तू दोन दुकानांच्या मध्ये अडकू देऊ नका.

*सावधान:* सुपरमार्केटमध्ये असताना दुसऱ्या यादीतली एकही वस्तू उचलू नका. "भाजीवाल्याकडे नसली तर?" म्हणून घेतलेली जुडी आणि नंतर भाजीवाल्याकडे दिसलेली टवटवीत जुडी, दोन्ही घरी येतात आणि पहिली सडते.

टप्पा ७ : काउंटरवर काय बोलायचं

वेगळ्या दुकानात जाऊनही बरेच जण नुसतं "अर्धा किलो द्या" म्हणतात आणि मिळेल ते घेतात. मग त्या फेरफटक्याचा उपयोग काय? तिथे उभ्या असलेल्या माणसाला माल ठाऊक असतो. त्याला काय करायचं आहे ते सांगा: बटाटे उकडायला हवेत की तळायला, फळ आज खायचं की तीन दिवसांनी, मांस मंद आचेवर शिजवायचं की झटपट परतायचं. चांगला दुकानदार त्याप्रमाणे तुकडा बदलून देतो.

तोलण्याआधी काटा शून्यावर आहे का ते बघा. भांड्याचं किंवा जाड कागदाचं वजन वजा झालं का ते विचारा, विचारण्यात लाजण्यासारखं काही नाही. साफ करणं, कापणं, तुकड्यांचा आकार हे तोलायच्या आत सांगा. आणि माल आवडला नाही तर तोलायच्या आधीच "नको" म्हणा, नंतर दोघांनाही अवघड होतं.

माल खराब निघाला तर दुसऱ्याच दिवशी जाऊन शांतपणे सांगा. न सांगता दुकान बदललं तर दुकानदाराला काय चुकलं ते कळत नाही आणि तुम्हाला तो सुधारतो का ते कळत नाही.

टप्पा ८ : घरी आल्यावरचा पहिला अर्धा तास

पिशव्या ओट्यावर टाकून चहाला बसू नका. आधी गोठवलेलं, मग दूध, मांस, मासे, मग बाकीचं.

- फ्रिजचं तापमान ५ अंश सेल्सिअस किंवा कमी आणि फ्रीझरचं उणे १८ हवं. साधा थर्मामीटर आत ठेवून एकदा खात्री करा, बटणावरचा आकडा म्हणजे अंश नव्हेत.
- कच्चं मांस आणि मासे झाकून सर्वात खालच्या कप्प्यात. त्याचं पाणी शिजवलेल्या पदार्थावर किंवा कच्च्या खायच्या भाजीवर ठिबकता कामा नये.
- मासे आणि खिमा एक-दोन दिवसांत शिजवा, नाहीतर आणल्या दिवशीच एका वेळेपुरते भाग करून गोठवा. गोठवल्याने जंतू थांबतात, मरत नाहीत. वितळवायचं असेल तर ओट्यावर नव्हे, फ्रिजमध्ये.
- पालेभाजी धुऊन ओली ठेवू नका. कोरडी, कापडात किंवा कागदात गुंडाळून ठेवा आणि वापरताना धुवा.
- सफरचंद, पिकलेली केळी, टोमॅटो यांतून इथिलीन वायू निघतो आणि शेजारची पानं लवकर पिवळी पडतात. त्यांना लांब ठेवा. केळी फ्रिजमध्ये ठेवू नका, थंडीने साल काळी पडते.
- बटाटे आणि कांदे दोन्ही अंधाऱ्या, हवेशीर जागी, पण एकमेकांपासून वेगळे.
- बंद पाकिटातल्या धुतलेल्या भाज्या आणि निर्वात पाकिटं उघडली की छापलेली तारीख निरुपयोगी होते. उघडल्याचा दिवस पेनाने लिहा.

सुट्या मालाला तारीख नसते, म्हणून डब्यावर खरेदीचा दिवस चिकटवा. पाकिटातला माल डब्यात ओतताना तारीख आणि बॅच क्रमांक छापलेली पट्टी कापून डब्यात ठेवा. कंपनीने माल परत मागवला तर ती पट्टीच तुमच्या उपयोगी पडते. नवीन माल जुन्याच्या मागे, जुना पुढे.

तारखांबाबत एक फरक लक्षात ठेवा. "अमुक तारखेपूर्वी वापरा" ही सुरक्षेची तारीख, ती उलटली की खाऊ नका, वास ठीक आला तरीही. "अमुक तारखेपर्यंत उत्तम" ही चवीची आणि दर्जाची तारीख. नीट ठेवलेला कोरडा माल त्यानंतरही बघून वापरता येतो.

टप्पा ९ : महिन्याने हिशेब जुळवा

तीच चार रकान्यांची वही पुन्हा दोन आठवडे भरा आणि आधीच्या पानांशी ताडून बघा. एकूण खर्च, फेकलेला माल आणि फेऱ्यांचा वेळ, तिन्ही एकत्र बघायचे.

खर्च थोडा वाढला पण फेकणं निम्म्यावर आलं तर विभागणी बरोबर चालली आहे, फक्त पहिल्या ढिगातले दर पुन्हा तपासा. फेकणं कमी झालं नाही तर दोष बहुधा दुकानात नसतो, दुसऱ्या यादीच्या मापात असतो. तीन दिवसांपुरतं म्हणून आठवड्याचं आणलं जात असेल. आणि वेळ झेपत नसेल तर सगळी पद्धत सोडू नका, वेगळी दुकानं चारावरून एकावर आणा. तुमच्या वहीत सर्वात जास्त फेकली गेलेली वस्तू ज्या दुकानाची, तेवढं एक ठेवा.

काही घरांना सगळं सुपरमार्केटमधूनच घेणं योग्य असतं, आणि त्यात कमीपणा काही नाही. रात्रपाळी, आजारपण, चालण्याची अडचण, लहान मूल कडेवर असणं, किंवा जवळपास खप असलेलं दुकानच नसणं ही खरी कारणं आहेत. अशा घरांनी टप्पा २ मधले ढीग तरीही करावेत आणि दुसऱ्या ढिगासाठी मोठ्या दुकानातल्या काउंटरवरच्या माणसाकडे जावं, झाकलेल्या पाकिटांकडे नव्हे. बहुतेक ठिकाणी तिथेही समोर कापून आणि तोलून मागता येतं, फक्त तोंडाने मागावं लागतं.